शनिवारची पलटण

आईचा हजारावा चंद्र मंगळवारी उगवणार होता. आम्ही तो शनिवारी बोलावला.

त्यात नवल काही नव्हतं. फिनिक्सच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींनी पंचांगाला कधीच वठणीवर आणलं होतं. गणपती बुधवारी आले तर त्यांना शनिवारपर्यंत थांबायला लागायचं. कोजागरीचं दूध आम्ही पौर्णिमेनंतर चार दिवसांनी, कुरतडलेल्या चंद्राला दाखवायचो. माझ्या यजमानांचं, जगन्नाथरावांचं, श्राद्धसुद्धा मी शनिवारीच घालत असे. ते विद्यापीठात प्रोफेसर होते, सुट्टीच्या दिवशी येण्याची त्यांना जिवंतपणीही सवय होतीच.

तेव्हा आईला ऐंशी पूर्ण होऊन एक्याऐंशीवं लागलं आणि चारूने सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला, तेव्हा शनिवार हे ठरूनच होतं. चारू म्हणजे चारुदत्त, माझा मधला भाऊ. चँडलरला कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कारखान्यात सीनियर इंजिनिअर. धाकटा गिरीश सांता क्लाराहून येणार होता. पूजा सांगायला श्रीरंग. हा श्रीरंग सोमवार ते शुक्रवार चारूच्याच कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवून धुळीचा कण शोधायचा, आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसून आमच्या दिवाणखान्यात धूर करायचा. पोथी त्याने मिरजेहून मागवली होती आणि स्वर कॅसेटवरून उचलले होते.

सगळं जमून आलं होतं. अडचण एकच निघाली. तो शनिवार विक्रमच्या ड्रिलचा होता.

विक्रम चारूचा मुलगा, एकुलता एक, टेंपीच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी तो केस बारीक कापून घरी आला होता आणि जेवताजेवता, कोशिंबीर वाढून घ्यावी तितक्या सहज, "आय जॉइन्ड द एअर गार्ड" म्हणाला होता. त्या रात्री चारू जेवला नाही. उत्तरा, त्याची बायको, जेवली, पण रडत रडत. गार्ड म्हटल्यावर चारूच्या डोळ्यांपुढे बँकेच्या दाराशी स्टुलावर बसलेला माणूस आला, तो काही केल्या हलेना.

खरा प्रकार काय तो विक्रमने मग मोडक्या मराठीत सगळ्यांना समजावला. इथे प्रत्येक राज्याचं आपलं एक हवाई दल असतं. माणसं तिथलीच, गावातली. कोणी शाळामास्तर, कोणी प्लंबर, कोणी कंपनीच्या विमानाचा पायलट. महिन्यातून एक शनिवार-रविवार ड्रिलला, म्हणजे सरावाला, आणि उन्हाळ्यात दोन आठवडे गणवेश चढवायचा. पूर आला, वणवा लागला तर राज्यपालाने हाक मारायची. लढाई लागली तर राष्ट्रपतीने मागून घ्यायचं.

"म्हणजे आमच्या कोल्हापूर संस्थानची पलटण," आई लगेच म्हणाली होती. "एरवी महाराजांची, लढाई आली की सरकारची. माझे मामा होते तिच्यात. पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आले."

"एक्झॅक्टली, आजी!" विक्रम म्हणाला. त्याला संस्थान म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण घरात कोणीतरी त्याचं म्हणणं पहिल्या फटक्यात समजून घेतलं होतं एवढं त्याला कळलं.

मला ते सैन्य सुनेसारखं वाटलं. नाव एका घरचं, राबणं दुसऱ्या घरी, आणि दोन्हीकडून ऐकून घ्यायचं.

आणि हो, त्या पलटणीत विक्रम करायचा काय? फिनिक्सच्या विमानतळाला लागूनच त्यांची मोठमोठी टँकर विमानं उभी असत. हवेत उडत असतानाच दुसऱ्या विमानाच्या टाकीत इंधन भरायचं, हे त्यांचं काम. विक्रम शेपटीकडच्या खिडकीशी पालथा झोपायचा आणि एक लांब नळी मागून येणाऱ्या विमानाच्या डोक्यावरच्या भोकात नेमकी बसवायचा. वीस हजार फुटांवर.

"पेट्रोलपंपावर कामाला आहे म्हण की," गिरीश म्हणाला होता. "फक्त पंप जरा उंचावर आहे."

चारूच्या हे जिव्हारी लागलं. महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं की तो सांगायचा, "विक्रम वीकेंडला एक कोर्स करतो."

*

उत्तराला एक गोष्ट ठाऊक होती जी चारूला नव्हती, आणि चारूने एक गोष्ट योजली होती जी उत्तराला ठाऊक नव्हती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की बहुतेक घरांत असंच चालतं. पण या वेळी दोन्ही गोष्टी एकाच शनिवारी एकमेकींवर आदळायच्या होत्या.

उत्तराला ठाऊक होतं ते असं. या राज्य-पलटणीची एक रीत आहे: आपले पायलट ती आपणच निवडते. बाहेरून बदलीवर येत नाहीत. पाच-सहा अधिकारी टेबलामागे बसतात, उमेदवाराला उलटसुलट विचारतात, आणि आपल्यापैकीच एकाला वर्षभराच्या शिक्षणाला पाठवतात. ते बसतात ड्रिलच्या शनिवारी, कारण एरवी ते कोणी वकील, कोणी दंतवैद्य असतात. या वर्षी जागा एकच होती. विक्रमचं नाव शेवटच्या चारांत आलं होतं. पुढची जागा कधी निघेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि मे महिन्यात डिग्री हाती आली की चारू त्याला आपल्या कारखान्यात चिकटवणार होता.

"बाबांना सांगू नकोस," विक्रमने उत्तराला बजावलं होतं. "ही विल कॉल समबडी."

"नाही सांगत," उत्तरा म्हणाली आणि तिने खरंच सांगितलं नाही. तो पायलट होणार याची तिला भीती होतीच. पण लेकाने आपल्याला एकटीला सांगितलं, याचं सुख त्या भीतीहून मोठं होतं. आजीच्या कार्याला तो दुपारनंतर येईल, मी सांभाळून घेईन, असं तिने त्याला वचन दिलं होतं.

बुधवारी चारू तिला म्हणाला, "अगं, थोडे बेसनाचे लाडू जास्त कर. डब्यात भरून दे. ऑफिसात द्यायचेत."

तिने बेसन तुपावर खमंग भाजलं, वेलची जरा सढळ हाताने घातली, वर एकेक बेदाणा दाबला. डब्याला वरून सोनेरी रिबनसुद्धा बांधली. लेकाच्या वाटेतला धोंडा तिने स्वतःच्या हाताने वळला आणि सजवून नवऱ्याच्या हवाली केला.

*

पुढचं मी चारूने सांगितलेलं थोडं वजा करून आणि विक्रमने सांगितलेलं थोडं मिळवून लिहिते आहे.

गुरुवारी चारूने अर्धी रजा टाकली, टाय बांधला आणि डबा घेऊन गार्डच्या हवाई तळाच्या फाटकाशी गेला. आमचे वडील, अण्णा, असेच जात. चारूला हॉस्टेलमध्ये खोली मिळेना तेव्हा ते रेक्टरकडे हापूसची पेटी घेऊन गेले होते. गिरीशचा पासपोर्ट अडला तेव्हा कोणाच्या तरी मेव्हण्याकडे काजूकतली गेली होती. बाप स्वतः गेला की काम होतं, हे चारू आईच्या दुधाबरोबर शिकला होता. दोन मास्टर्स डिग्र्या आणि अमेरिकेतली वीस वर्षं या समजुतीचा केसही वाकडा करू शकली नव्हती.

कर्नल हॉलिस हे स्क्वाड्रनचे प्रमुख. त्यांनी फाटकावरून आलेला फोन ऐकला आणि कोणीतरी पालक आले आहेत हे पचवायला त्यांना जरा वेळ लागला असावा. पालकसभा भरवण्याची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. पण त्यांनी चारूला आत घेतलं, कॉफी दिली, एक लाडू खाल्ला, आणि टाळूला चिकटलेला तो लाडू सुटेपर्यंत चारूचं सगळं भाषण निमूटपणे ऐकून घेतलं.

चारूने सहस्रचंद्रदर्शन समजावून सांगितलं. हजार पौर्णिमा. एकुलत्या एका नातवाचा मान. धर्म. कर्नल मान डोलवत होते.

"सन ऑर डॉटर, दे आर व्हेरी शाय टु आस्क, सर," चारू म्हणाला.

"डिड ही आस्क यू टु कम, मिस्टर वाटवे?"

इथे माझा भाऊ घसरला. प्रश्न साधा होता. 'नाही' म्हणाला असता तर कर्नल हसून, हात मिळवून त्याला वाटेला लावते. पण चारूला वाटलं, मुलाचीच इच्छा आहे म्हटलं की वजन पडेल.

"येस सर," तो म्हणाला. "इट इज हिज रिक्वेस्ट."

कर्नलनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वेल. फॅमिली कम्स फर्स्ट," आणि समोरच्या कागदावर त्यांनी एक रेघ ओढली.

चारू इतका खुशीत परतला की वाटेत त्याने आईसाठी शेवंतीच्या वेण्या घेतल्या. "ताई," तो मला म्हणाला, "ही माणसं चांगली आहेत गं. नीट जाऊन बोललं की ऐकतात. आपलीच पोरं उगाच ताठ असतात."

मी विचारलं, "विक्रमला माहीत आहे?"

"सरप्राइज आहे," चारू म्हणाला.

*

सरप्राइज शुक्रवारी संध्याकाळी दार आपटून आत आलं.

चारूच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे होतो. आई कोचावर पाय वर घेऊन बसली होती आणि उद्या कोणतं लुगडं नेसायचं यावर दोन पैठण्या मांडीवर घेऊन विचार करत होती. गिरीश दुपारच्या विमानाने येऊन, पाय टेबलावर टाकून, पूजेचा चांदीचा चंद्र किती तोळ्यांचा ते अंदाजत होता. मी वाती मोजत होते. उत्तरा स्वयंपाकघरात होती.

"यू वेंट टु माय कमांडर," विक्रम म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच माझ्या हातातल्या वाती थांबल्या.

"अरे, ये ये," चारू म्हणाला. "सुट्टी मिळाली ना?"

"सुट्टी? बाबा, ते मला कॉल करून म्हणाले, एन्जॉय द पार्टी. माझं नाव काढलं. बोर्डच्या लिस्टमधून काढलं!"

"कसलं बोर्ड?"

विक्रमने सांगितलं. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, आणि मध्येच दोन्ही सोडून नुसते हात. पायलटची जागा. चार उमेदवार. उद्या सकाळी.

चारूचा चेहरा उतरला, पण लगेच त्याने तो सावरला. बाप चुकला की आधी चिडतो. "मग मला का नाही सांगितलंस? मला स्वप्न पडणार होतं का? उत्तरा, ऐकलंस का हा काय म्हणतो?"

उत्तरा दारात उभी होती. हाताला पीठ तसंच.

"तिला माहीत होतं," विक्रम म्हणाला.

चारूने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. "लाडू ऑफिसात द्यायचे होते ना?" ती हळूच म्हणाली.

त्या एका वाक्यात हिशेब बरोबरीला आला.

गिरीशला शांतता सोसत नाही. "जाऊ दे रे, विकी," तो म्हणाला. "होतं ते बऱ्यासाठी. पायलटबियलट काय यार! आणि तेही खरं एअर फोर्स असतं तर गोष्ट वेगळी. हे शनिवार-रविवारचे शिपाई. प्लंबर आणि दंतवैद्य. उद्या रशियाने हल्ला केला तर म्हणतील, सॉरी, सोमवारी या, आज आमचं नळाचं काम आहे."

"शनिवार-रविवारचे?" मी म्हटलं. "आणि आपण कधीचे रे? तू मराठी कधी बोलतोस? मंडळात, शनिवारी. तुझ्या घरी देव्हारा कधी उघडतो? उद्या श्रीरंग भटजी होणार, तो आज कोण आहे? आईचा चंद्रसुद्धा आपण ओढून शनिवारी आणलाय. त्या पोरांची निदान हजेरी तरी होते, वेळेवर हजर आहेत की नाही बघायला कोणीतरी असतं."

"ताई, तू भावनेने बोलतेस."

"मी आठवणीने बोलते. अडुसष्ट साल."

गिरीशने टेबलावरचे पाय खाली घेतले.

"कसलं अडुसष्ट?" विक्रमने विचारलं.

"ताई, ते वेगळं होतं," गिरीश म्हणाला.

मी अठरा वर्षं गप्प होते. पण पेट्रोलपंपाचा विनोद माझ्या घशाखाली कधी उतरला नव्हता. "तुझ्या काकाला ग्रीन कार्ड मिळालं आणि पाठोपाठ ड्राफ्टचं बोलावणं आलं," मी विक्रमला सांगितलं. "व्हिएतनामची लढाई चालू होती. नागरिक असो नसो, कार्ड असलं की जायचं. हा आमच्याकडे टेंपीला राहायचा. जगन्नाथराव याला गाडीत घालून कुठे घेऊन गेले, विचार. याच गार्डच्या ऑफिसात. तिथे नाव लागलं की व्हिएतनामला जायला लागत नाही, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. बाहेर रांग ही एवढी! बँकरांची पोरं, सेनेटरांचे भाचे, आणि त्यांच्यामागे आमचा गिरीश. मी गाडीत बसले होते, थालीपिठं घेऊन. हा परत आला तर तोंडाला कोरड पडलेली. वेटिंग लिस्ट भलीमोठी होती. मग हा कामावर हवाच असं कंपनीने पत्र दिलं म्हणून वाचला. तोवर हेच शनिवारचे शिपाई याला देवासारखे वाटत होते."

"नो वे," विक्रम म्हणाला, आणि इतक्या रागातही त्याच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. "गिरीशकाका?"

"सगळेच करत होते तेव्हा," गिरीश पुटपुटला.

"करत होते ना. तुला तिथे लपायचं होतं, याला तिथून उडायचंय. मग हसतोस कशाला?"

गिरीश उठला आणि पाणी प्यायला गेला. पाणी त्याच्यासमोरच्या तांब्यात होतं.

चारू मात्र हसला नाही. त्याला वाट सापडल्यासारखी वाटत होती. तो आईकडे वळला. "आई, आपण कार्य रविवारी करू या का? म्हणजे हा उद्या मोकळा. मी सगळ्यांना फोन करतो."

मला वाटलं आई म्हणेल, करा. नातवाचा जीव तिला भारी प्यारा. पण आईने दोन्ही पैठण्या छातीशी धरल्या.

"मुळीच नाही," ती म्हणाली. "मंगळवारचा चंद्र शनिवारी आणलात, मी चकार शब्द काढला नाही. आता रविवार? परवा म्हणाल, ख्रिसमसला करू. माणसं उद्या येणार, मी उद्या नटणार. मी काय पुन्हा एक्याऐंशीची होणार आहे?"

"पण आजी, नाव काढलंय माझं," विक्रम म्हणाला. "शनिवार काय, रविवार काय, नाव नसेल तर सेमच."

"मग ज्याने काढलं त्याला सांग घालायला."

"मी सांगू शकत नाही!" आता त्याचा आवाज फुटला. "ही टोल्ड देम मी पाठवलं. त्यांना वाटतं आय सेंट माय डॅड टु गेट मी आउट ऑफ ड्रिल. बोर्डच्या दोन दिवस आधी! पायलट पाहिजे त्यांना, बाबा, अँड दे थिंक आय कान्ट इव्हन मेक अ फोन कॉल. आता मी फोन करून काय म्हणू? माय फादर लाइड? हू सेज दॅट अबाउट हिज फादर?"

आम्ही सगळ्यांनी चारूकडे पाहिलं. त्याची चूक काय होती ते त्याला तेव्हा कुठे कळलं. लाडवांची नव्हती. जाण्याचीही नव्हती. ती एका 'येस सर'ची होती.

"मी फोन करू?" चारू म्हणाला. "एका कर्नलला? आणि काय सांगू, मी खोटं बोललो? वीस वर्षं मी या देशात... माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, ताई."

"ती आत्ता इथे नाहीत," मी म्हटलं.

"नको करूस," गिरीश स्वयंपाकघरातून म्हणाला. "बापाने का नाक घासायचं? पुढच्या वर्षी देईल परीक्षा."

गिरीशने नको म्हटलं हेच बरं झालं. चारूने आयुष्यभर जे केलं ते गिरीशने नको म्हटलं म्हणून. तरी तो उठला नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

उत्तराने मग हात धुतले. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन तिने उचलला, त्याची ती लांबलचक गुंडाळीची वायर ओढत, गिरीशला ओलांडून, आईच्या पायांवरून, वातींच्या ताटाला वळसा घालून आणली आणि रिसीव्हर चारूच्या हातात दिला.

"अहो, ऑफिस अजून उघडं असेल," ती म्हणाली. "ड्रिलच्या आदल्या दिवशी ते उशिरापर्यंत असतात. मी लावते नंबर."

नंबर तिला पाठ होता. हेही चारूला नवीनच होतं.

*

फोनवरचं बोलणं आम्हाला एका बाजूनेच ऐकू आलं.

"सर? सर, धिस इज वाटवे. फादर. येस, लाडू. थँक यू, सर, आय विल टेल हर."

मग त्याने वायर मुठीत गुंडाळली. माझ्या भावाला मी लहानपणी मारापासून वाचवलं आहे, परीक्षेत नापास झाला तेव्हा अण्णांना मीच सांगितलं आहे. तेव्हाही त्याच्या कपाळावर इतका घाम नव्हता.

"सर, यू आस्क्ड मी वन थिंग. आय सेड येस. द आन्सर वॉज नो." पलीकडून प्रश्न आला. "नो सर. ही डिड नॉट सेंड मी. ही डिड नॉट नो. आय वॉज... सर, इन माय कंट्री फादर गोज. सो आय वेंट. अँड देन आय टोल्ड अ लाय टु मेक इट स्ट्राँगर."

विक्रम भिंतीकडे तोंड करून उभा होता. आईने एक पैठणी हळूच बाजूला ठेवली.

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. चारू नुसता "येस सर, येस सर" करत होता. मग फोन ठेवून म्हणाला, "सकाळी सातला जा. नाव घालतायत. पण ते म्हणाले, झालेला प्रकार मी बोर्डाला सांगणार. लपवणार नाही. तुला त्यावर विचारतील."

"ओके," विक्रम म्हणाला. त्याने बापाला मिठी मारली असं काही झालं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. तो फक्त म्हणाला, "जेवायला काय आहे?"

उत्तरा आत पळाली.

*

शनिवारी विक्रम उजाडायच्या आत निघून गेला. दहाला माणसं यायला लागली. श्रीरंगाने आचमनापासून सुरुवात केली आणि संकल्पात तिथी-वार सांगताना, प्रामाणिक माणूस, वार शनिवारच म्हणाला पण तिथी मंगळवारची लावली. आई हिरव्या पैठणीत, नथ घालून, राणीसारखी बसली. सहस्र वाती पेटल्या आणि छताला लावलेला धुराचा अलार्म असा काही कोकलायला लागला की गिरीशला खुर्चीवर चढून त्याचा सेल काढावा लागला.

"नातू कुठेय?" असं कोणीतरी विचारलंच.

"कोर्सला—" गिरीश चारूच्या सवयीने म्हणाला. चारूने सकाळपासून घड्याळ इतक्या वेळा पाहिलं होतं की उत्तराने शेवटी ते त्याच्या मनगटावरून काढून स्वतःच्या पदराला बांधलं.

पंगत उठत आली तेव्हा विक्रम आला. हिरव्या गणवेशात, बूट हातात घेऊन, कारण आजीने बूट घरात चालू दिले नसते. तो सरळ तिच्यापुढे गेला आणि वाकला.

"काय झालं?" चारूने विचारलं.

"पहिला क्वेश्चनच तो होता," विक्रम म्हणाला. "एक मेजर आहे, ही इज अ डेंटिस्ट. म्हणाला, उद्या तू कॉकपिटमध्ये आहेस, आणि तुझ्याहून मोठ्या माणसाने वरती चुकीची माहिती दिली. व्हॉट विल यू डू?"

"मग?"

"मी म्हटलं, आय विल आस्क हिम टु फिक्स इट हिमसेल्फ, सर. त्याने विचारलं, अँड इफ ही डझन्ट? मी म्हटलं, आय डोन्ट नो, सर. माझ्या घरात ज्याने मिस्टेक केली त्यानेच फिक्स केली." त्याने बुटांच्या नाड्या बोटाला गुंडाळल्या. "ते काही हसले नाहीत. नुसतं लिहिलं. मग तासभर दुसरंच सगळं विचारलं."

"अरे, पण झालं काय?" उत्तरा ओरडली.

"आय गॉट इट," विक्रम म्हणाला. "जूनमध्ये जायचं. वर्षभर."

उत्तराने एक हुंदका आणि एक हसू एकदमच बाहेर काढलं. आईने नातवाच्या तोंडात श्रीखंड कोंबलं. श्रीरंगाने कोणी सांगितलं नसताना एक आशीर्वादाचा श्लोक म्हटला. बघताबघता बातमी पंगतीतून, उष्ट्या पानांवरून, अंगणात मुखवास खाणाऱ्या मंडळींपर्यंत गेली आणि जाताजाता फुगत गेली. कोपऱ्यात पोहोचेतो विक्रम जेट विमानाचा कॅप्टन झाला होता. माणसं येऊन त्याचा हात धरून हलवत होती, आणि कालपर्यंत ज्यांना तो वीकेंडला कसला कोर्स करतो हे विचारायची फुरसत नव्हती, ते आपल्या मुलांना त्याच्यापुढे उभं करत होते.

मी हात धुवायला आत गेले तर गिरीश फोनवर होता. सांता क्लाराला, बायकोशी.

"अगं विनीता, ऐक तरी! आपला विक्रम पायलट झाला. हो, सिलेक्ट झाला. एअर फोर्समध्ये! मी म्हणतच होतो, त्या पोरात काहीतरी आहे."

चारू पाठीमागे उष्ट्या पानांचा ढीग घेऊन उभा होता. तो तिथूनच म्हणाला, "एअर फोर्समध्ये नाही."

गिरीशने हाताने रिसीव्हर झाकला. "काय?"

"गार्डमध्ये. ॲरिझोनाच्या एअर गार्डमध्ये. नीट सांग तिला."

"तेच ते रे."

"तेच ते नाही," चारू म्हणाला, आणि गिरीश नीट सांगेपर्यंत पानं हातात घेऊन तिथेच उभा राहिला.